नमुना क्रमांक सात

टॅराविला कृषी प्रदर्शन मंडळाच्या कार्यकारिणीची मासिक सभा मंगळवार, चार ऑगस्ट रोजी सकाळी दहा वाजता शेळ्यांच्या शेडमागच्या खोलीत भरली. बारापैकी बारा सभासद हजर होते. हे मुद्दाम नोंदवतो, कारण एरवी नऊ येतात आणि उरलेल्या तिघांना सभा होती हे पुढच्या सभेत कळतं. मी क्लाइव्ह पेडलर, मंडळाचा चिटणीस. एकतीस वर्षं इतिवृत्त लिहितोय. त्यात आजवर एकही चूक निघालेली नाही, कारण ते आजवर कुणी वाचलेलं नाही.

चौथा विषय विमा कंपनीच्या पत्राचा होता. विम्याशिवाय आमचं प्रदर्शन भरू शकत नाही. मैदानात चार बैल, एक आकाशपाळणा आणि घरोघरच्या बायकांनी भाजलेले तीनशे स्कोन, म्हणजे छोटे गोल पाव, असतात. कशानं कुणाला इजा होईल सांगता येत नाही. दर वर्षी कंपनी एक फॉर्म पाठवते आणि आम्ही सगळीकडे ‘नाही’ लिहून परत करतो. यंदा चौदावा प्रश्न जरा लांबला होता. ‘आपल्या पदाधिकाऱ्यांपैकी कुणास स्मृतिभ्रंशाचा विकार आहे काय?’ इथवर ठीक. पुढं लिहिलं होतं, ‘अथवा तो भविष्यात होणार असल्याचे आज उपलब्ध साधनांनी शोधता येण्याजोगे आहे काय, आणि असल्यास ते का शोधले नाही?’

“उपलब्ध साधनं म्हणजे काय रे?” अध्यक्ष रसेल हाइन्रिकनं विचारलं. रसेल मेंढ्यांवाला, वय शहात्तर. त्याचा आवाज असा की मैदानात आम्ही त्याला कधी माइक दिला नाही.

“आता आल्झायमरसाठी रक्ताची तपासणी निघालीय,” मी म्हणालो. “दंडातून रक्त काढतात. डोकं पुढं बिघडणार असेल तर ते आधीच कळतं.”

“बिघडायच्या आधी?”

“हो, आधी.”

“आणि मग काय करायचं?”

“वाट बघायची.”

“अरे, ती तर आपण सगळे तशीही बघतोच आहोत की!” नोला म्हणाली.

नोला ट्रेंगोव्ह आमच्या केक विभागाची परीक्षक. वय एकोणऐंशी. गावापासून बावीस किलोमीटरवर शेतात एकटी राहते, किंवा तेव्हा राहत होती. नवरा गेला, मुलगा पर्थला, सोबतीला चौदा कोंबड्या आणि एक पांढरी जुनी गाडी. या गाडीवर ती दूध आणायची, चर्चला जायची, शिवाय गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायची. चाळीस वर्षं तिनं केक तपासले. आमच्याकडं केकवर बनवणाऱ्याचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. पण नोला सुरी फिरवायची, तुकडा तोंडात टाकायची आणि मनात म्हणायची, हा हाइन्रिकांचा ओव्हन, डावीकडून करपवतो. तोंडानं मात्र कधी ब्र काढला नाही. रसेलची बायको ग्लेनिस, हीही कार्यकारिणीतलीच, हिचा स्पंज केक सलग बावीस वर्षं दुसरा आला, तो असा निःपक्षपातीपणे.

ठराव एकमतानं पास झाला. सर्व पदाधिकाऱ्यांनी रक्त तपासून घ्यावं आणि कंपनीला ‘आम्ही शोधले, काही सापडले नाही’ असं बाणेदार उत्तर द्यावं. आपल्याकडं काही सापडू शकेल हे बारापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इथं तर बारा हात होते.

एक औपचारिकता म्हणून मी डॉक्टर फर्नांडोंना विचारलं. हे मूळचे कोलंबोचे, नऊ वर्षं आमच्या दवाखान्यात आहेत आणि अजून आम्हांला काहीतरी समजावून सांगता येईल अशी त्यांना आशा आहे.

“अहो क्लाइव्ह, ज्यांना काही त्रास नाही त्यांची ही तपासणी करायची नसते,” ते म्हणाले. “कुणाच्या रक्तात खूण सापडली तरी तो आजारी आहे असं होत नाही. पुढं होईलच असंही नाही. ज्याला खरंच विसरायला होतंय त्याच्यासाठी आहे ही, डॉक्टरला मदत म्हणून.”

“डॉक्टर, तुमचं मत आम्ही इतिवृत्तात घेतो,” मी म्हणालो. आणि घेतलंही. आमच्याकडं एखादी गोष्ट पुरायची असेल तर ती इतिवृत्तात घेतात.

अ‍ॅडलेडच्या एका प्रयोगशाळेची फिरती गाडी त्याच महिन्यात आमच्या भागात यायची होती. संशोधनासाठी फुकट तपासणी. अट एकच, नमुन्यावर नाव नको, क्रमांक हवा. कुणाचा कोणता क्रमांक हे त्या त्या संस्थेनं आपल्याजवळ लिहून ठेवावं. हे वाचून मला भरून आलं. एकतीस वर्षं मी दुसरं करतोय काय? जॅम असो, लोकर असो, भोपळा असो, नाव झाकून क्रमांक लावण्यात माझा हात धरणारा दक्षिण ऑस्ट्रेलियात कुणी नाही.

त्यामुळं मी ते काम प्रदर्शनाच्या नियमांनुसार केलं. नियम सहावा सांगतो, स्पर्धकाचं नाव चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठी दुमडून वस्तूच्या बुडाला चिकटवावी, क्रमांक सोडत काढून द्यावा, आणि चिटणिसानं नावांची वेगळी यादी कदापि ठेवू नये. हा नियम १९८७ च्या मुरंबा प्रकरणानंतर आला. मी बारा चिठ्ठ्या लिहिल्या, दुमडल्या, बारा नळ्यांच्या बुडाला डिंकानं चिकटवल्या आणि यादी ठेवली नाही. गाडीतली नर्स माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. अकरा नमुने निर्दोष. नमुना क्रमांक सात, ‘आल्झायमरची शक्यता अधिक’. नळ्या, म्हणजे बुडं आणि चिठ्ठ्यांसकट, नियमानुसार जाळून टाकण्यात आल्या होत्या.

“म्हणजे सात नंबर कोण?” रसेलनं विचारलं.

“ते कळायला मार्ग नाही,” मी म्हणालो.

“यादी?”

“नियम सहावा.”

रसेलनं माझ्याकडं असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर राजीनामा दिला असता.

“हात्तिच्या! परत तपासू या की सगळ्यांचं,” नोला म्हणाली. “त्यात काय एवढं?”

पण फिरती गाडी आता दीड वर्षानं येणार होती आणि विमा कंपनीला उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं होतं. ‘बारापैकी एक आहे, पण कोण ते आम्ही विसरलो’ असं स्मृतिभ्रंशाच्या रकान्यात लिहिणं बरं दिसलं नसतं. तेव्हा रसेलनं मार्ग काढला. सात नंबर कुणीतरी आहेच. मग तो कोण हे कार्यकारिणीनं लोकशाही पद्धतीनं ठरवावं.

गुरुवारी तातडीची सभा झाली. आधारासाठी प्रयोगशाळेनं पाठवलेलं ‘ओळखा दहा लक्षणे’ हे पत्रक होतं. पहिलं लक्षण, वस्तू हरवणे. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चष्मा शोधत होतो, तो कपाळावर सापडला, आणि विषय कामाच्या ताणाखाली निकाली निघाला. दुसरं लक्षण, ओळखीच्या माणसांचा विसर पडणे. इथं नोला हसली.

“रसेल, दोन हजार तीन साली जूनच्या सुट्टीत तू ग्लेनिसला पोर्ट वेकफील्डच्या पेट्रोल पंपावर विसरून चाळीस किलोमीटर पुढं गेला होतास. सोमवार होता. तिच्या हातात खिमा भरलेले दोन मीट पाय होते, तुझा आणि तिचा. तिनं दोन्ही खाल्ले.”

ग्लेनिस लाल झाली. वीस वर्षांहून जुनी गोष्ट, पण त्या पायचा हिशेब तिनं नवऱ्याला वेगळा दिला होता असं दिसलं.

“बघा हं,” ग्लेनिस सावकाश म्हणाली, “पानावर तीन नंबरला काय लिहिलंय? जुन्या गोष्टी लख्ख आठवतात. हे लक्षणच आहे म्हणे.”

“अगं, मला नव्याही आठवतात,” नोला म्हणाली. “परवा तू सुपरमार्केटातून तयार स्पंज घेतलास आणि तो दिसू नये म्हणून वर कपड्यांच्या पिशव्या ठेवल्यास. मी मागंच उभी होते.”

“संशय घेणे, लक्षण पाचवं,” कुणीतरी वाचलं.

“संशय कसला? पावती बघ की ग्लेनिसच्या पिशवीत!”

“चिडचिड. सहावं.”

“मी चिडले नाहीये!”

“नाकारणे,” रसेल पत्रक डोळ्यांजवळ नेत म्हणाला. “आठवं. बघ बाई, आम्ही काही म्हणत नाही, पण छापलंय इथं.”

नोला गप्प बसली. मग गप्प बसणं हे नववं लक्षण निघालं. मला तिची फार दया आली, पण मी इतिवृत्त लिहीत होतो.

गुप्त मतदान झालं. नोलाला दहा मतं, रसेलला एक, आणि एक चिठ्ठी कोरी. ती कोरी चिठ्ठी माझी नव्हती, हे इथं प्रामाणिकपणे नमूद करतो. ज्या एकीच्या डोक्यात मंडळाचा सगळा इतिहास, तारखांसकट आणि पायसकट, शाबूत होता, तिला आम्ही बहुमतानं विसराळू ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं तर इथं चोरी काय झाली हेच कुणाला माहीत नव्हतं.

शुक्रवारी सव्वाचार वाजता मी फॉर्ममध्ये लिहिलं, ‘शोधले. एक सापडले: नोला ट्रेंगोव्ह. पदमुक्त केले.’ आमचा विमा मंजूर झाला. प्रदर्शन दणक्यात पार पडलं. बाहेरगावचा परीक्षक आला आणि ग्लेनिसच्या स्पंजला पहिल्या नंबराची निळी फीत लागली. फोटो काढताना ती रडली.

नोला म्हणाली होती, “जाऊ दे. केक तर केक. घरी कोंबड्या आहेत, त्यांना मी चालते.” प्रकरण तिथं संपायला हरकत नव्हती. पण कागदाला पाय असतात. विमा कंपनीनं आपल्या कर्तव्यबुद्धीनं वाहन परवाना खात्याला कळवलं की सदर बाईंना त्यांच्याच संस्थेनं रीतसर स्मृतिभ्रंश शोधून दिला आहे. खात्यानं डॉक्टर फर्नांडोंना फॉर्म पाठवला. त्यात तीन चौकोन होते: लायक, नालायक, अनिश्चित.

डॉक्टरांनी नोलाची तासभर परीक्षा घेतली. शंभरातून सात सात वजा करायला लावले. तिनं केले, आणि मग म्हणाली, “डॉक्टर, आता तुम्ही करा.” डॉक्टर एकोणऐंशीवर अडखळले. त्यांनी ‘लायक’ वर खूण केली. खात्यानं फॉर्म परत पाठवला: पूर्वीचा सकारात्मक अहवाल असताना साध्या डॉक्टरला ‘लायक’ वर खूण करण्याचा अधिकार नाही, तो मेंदूतज्ज्ञाला आहे. मेंदूतज्ज्ञ अ‍ॅडलेडला. वेळ मिळाली चौदा महिन्यांनंतरची. तोवर ‘अनिश्चित’, आणि अनिश्चित माणसानं गाडी चालवायची नाही.

“अहो, पण तो अहवाल हिचा आहे कशावरून?” डॉक्टर माझ्यावर ओरडले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

“इतिवृत्तात आहे,” मी म्हणालो.

नोला खात्याच्या खिडकीवर स्वतः गेली. मीच नेलं, तिची गाडी बंद ना. खिडकीतली मुलगी फार सौजन्यानं बोलली. मोठ्यानं आणि हळूहळू बोलली.

“आजी, तुमचा परवाना तात्पुरता स्थगित आहे. कळतंय ना तुम्हांला?”

“कळतंय गं बाळ. मला सांग, माझ्या शेतावरून गावात यायचं कसं?”

“सरकारी बस आहे ना!”

“ती बुधवारी सकाळी गावात येते आणि गुरुवारी दुपारी परत जाते.”

“मग छानच की,” मुलगी म्हणाली. “एक रात्र बदल होईल तुम्हांला.”

नोलानं तीन महिने काढले. शेजारी, म्हणजे सात किलोमीटरवरचे, आधी आठवड्यातून दोनदा दूध आणून देत, मग एकदा, मग निरोप. आम्हीही ठरवलं होतं की आळीपाळीनं तिला आणायचं. मी तसं वेळापत्रक केलं, सुंदर, तीन रंगांत. पहिल्या आठवड्यात रसेलची पाळी होती आणि मेंढ्यांची कातरणी निघाली. दुसऱ्या आठवड्यात माझी होती. मला वाटलं, रसेलचीच चालू आहे. ज्या म्हाताऱ्यांना ती एरवी दवाखान्यात न्यायची ते आता घरीच बसले, आणि त्यातला एक तर कायमचाच.

जानेवारीत पर्थहून मुलगा आला. चार दिवसांत त्यानं कोंबड्या वाटल्या, शेत भाड्यानं दिलं आणि आईला गावातल्या वृद्धनिवासात एका खोलीत आणून ठेवलं. मुलगा वाईट नाही. त्यानं पत्रक वाचलं होतं. नोलानं घराच्या किल्ल्या देताना विचारलं, “अरे, पण मला झालंय काय?” तेव्हा तो मायेनं म्हणाला, “आई, हा प्रश्न तू काल पण विचारलास.” विचारला होताच. काल उत्तर मिळालं नव्हतं म्हणून.

आता फेब्रुवारीच्या सभेबद्दल. उपस्थिती अकरा. विषय दुसरा, आलेली पत्रं. प्रयोगशाळेचं पत्र होतं. ते मी वाचून दाखवलं. ‘आपल्या नमुना क्रमांक सातच्या वेळी आमच्या यंत्रात दोष होता असे फेरतपासणीत आढळले. सदर निकाल रद्द समजावा. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

बाहेर शेळी ओरडली.

“म्हणजे आपण बाराही जण चांगलेच होतो,” ग्लेनिस म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

“हे कंपनीला कळवायला हवं,” मी म्हणालो. चिटणीस म्हणून तेवढं म्हणणं माझं काम होतं.

“कळव की,” रसेल म्हणाला. आवाज नेहमीच्या निम्मा. “मग ते विचारतील, यंत्राचा निकाल रद्द, पण तुम्ही ती बाई ठरवली कशी? मतदानानं? क्लाइव्ह, तुझं ते इतिवृत्त ते वाचतील. पहिल्यांदा कुणीतरी वाचेल! खोटी माहिती दिली म्हणून विमा रद्द. प्रदर्शन रद्द. एकशे बारावं वर्ष आहे आपलं. आणि आता तिचं शेत भाड्यानं गेलंय, कोंबड्या गेल्यात. घड्याळ उलटं फिरतंय थोडंच?”

“खोली छान आहे तिची,” कुणीतरी म्हणालं. “खिडकीतून लॉन बोल्सच्या खेळाचं हिरवं मैदान दिसतं.”

“मी जाणारच आहे भेटायला,” ग्लेनिस म्हणाली. आम्ही सगळेच जाणार होतो.

ठराव झाला की पत्र वाचलं असं मानावं आणि पुढच्या विषयाकडं वळावं. पुढचा विषय शौचालयांचा होता, त्यावर दोन तास खडाजंगी झाली. पत्र मी फाइलीत लावलं. कोणत्या, ते विचारू नका. सभेनंतर बाहेर चहा पिताना त्या पत्राचा विषय कुणी काढला नाही, मार्चमध्ये काढला नाही, आणि आता तर मला शंका येते की अकराही जणांना ते खरंच आठवत नसावं. आमच्या स्मरणशक्तीला प्रयोगशाळेचा दाखला आहे, तो भाग वेगळा.

चौदा मार्चला सकाळी मी टोस्टला लोणी लावत होतो, तेव्हा फोन वाजला.

“क्लाइव्ह, नोला बोलतेय. आज चौदा तारीख. जोनला जाऊन सहा वर्षं झाली. फुलं नेलीस का रे?”

जोन माझी बायको. नोला दर वर्षी या दिवशी फोन करते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. त्यावर चौदा तारखेला माझ्याच अक्षरात ‘गटार साफ करणे’ लिहिलं होतं.

“नेली तर! सकाळीच,” मी म्हणालो.

“पिवळी नेलीस ना? तिला पांढरी आवडायची नाहीत.”

“पिवळीच.”

“बरं केलंस.” तिच्या खोलीतला टीव्ही ऐकू येत होता, आणि कुणीतरी तिला मोठ्यानं आणि हळूहळू विचारत होतं की आजी, चहा घेणार का. “एक विचारू? मेंदूतज्ज्ञाला अजून नऊ महिने आहेत. तोवर ते शेत कायमचं विकू या म्हणतोय माझा मुलगा. सोमवारी सही आहे. म्हटलं, त्या प्रयोगशाळेकडून परत काही पत्रबित्र आलं का मंडळाला? तू चिटणीस, तुला माहीत असणार. आलं असलं तर मी थांबवते त्याला.”

मी टोस्टकडं पाहिलं. इतक्या साध्या प्रश्नाला उत्तरं दोनच होती, आणि एकतीस वर्षांत एकही चूक न निघालेल्या माणसाला तिसरं सुचलं.

“आठवत नाही गं, नोला.”

“अगं बाई!” ती म्हणाली, आणि खरंच काळजीनं म्हणाली. “क्लाइव्ह, हे बरं नव्हे. एकटा राहतोस तू. डॉक्टरांना दाखवून घे बाबा, हयगय करू नकोस.”

मी दाखवणार नाही. मला काहीही झालेलं नाही. आणि तुम्ही वाचता वाचता माझ्याकडं असं बघू नका. आधी तुम्ही शेवटचं ‘आठवत नाही’ कुणाला म्हणालात तेवढं सांगा, आणि तेव्हा तुम्हांला काय काय लख्ख आठवत होतं, तेही.